टेलची खोली

आमच्या इंदापूरच्या घराला चार उंबरठे आहेत. ओसरीवरून सोप्यात, सोप्यातून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून परसाकडच्या खोलीत. घर रुंदीला बेताचे आणि लांबीला भरपूर. आगगाडीचे डबे एकामागे एक जोडावेत तशा खोल्या आहेत. पहिला डबा रस्त्यावर, शेवटचा परसातल्या शेवग्याखाली. आजोबांनी हे घर बांधले तेव्हा माती स्वस्त होती आणि मजुरी तिच्याहून स्वस्त. त्यामुळे भिंती दीड-दीड हात रुंद झाल्या. त्यांच्या कोनाड्यात एक लहान मूल सहज बसू शकते. मी बसलेलो आहे.

अशा घरात प्रत्येक खोलीचा मान ठरलेला असतो. ओसरी पुरुषांची आणि पाहुण्यांची. सोपा हिशेबवह्यांचा. माजघरापासून पुढे बायकांचे राज्य, आणि परसाकडची खोली बाळंतिणीची. माझा जन्म तिथलाच. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली तशी त्या खोलीत ज्वारीची पोती आली. आणि वडील गेल्यावर पोती हलवून तिथे आई राहायला गेली. आम्ही भावांनी तेव्हा तिला सोप्यात राहा म्हणून पुष्कळ विनवले. तिचे उत्तर एवढेच, "हितनं तुळस दिसती. सोप्यातनं काय दिसतं? तुमच्या चपला."

चार वर्षांपूर्वी या घरात इंटरनेट आले. रस्त्यावरच्या खांबावरून तार आली, ओसरीच्या खिडकीतून आत शिरली आणि टीव्हीमागे ठेवलेल्या एका पांढऱ्या डबीत संपली. डबीला दोन शिंगे. तिथून पुढे तारेचे काम संपते आणि लहरींचे सुरू होते. डबी टीव्हीमागेच का ठेवली, असा प्रश्न कुणाला पडला नाही. तार जिथे आत येते तिथे डबी, आणि घरातली मोलाची वस्तू ओसरीवर, हे दोन्ही आमच्याकडे न सांगता ठरलेले आहे.

मी स्वतः राहतो बारामतीला, फ्लॅटात. तिथल्या भिंती इतक्या बारीक आहेत की शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमची मंडळी मोजतात आणि त्यावर आपली डाळ उतरवतात. अशा घरात लहर कुठे अडणार? न्हाणीघरातसुद्धा इंटरनेट सुरेख चालते. त्याचा उपयोग काय, ते मला अजून उमगलेले नाही. दर रविवारी मी एस.टी.ने इंदापूरला जातो. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, मग निमगाव केतकीचे पानमळे, की आलेच गाव. बारामतीची शहरी ऐट आणि इंदापूरची मातीची भिंत यांच्यामध्ये पन्नासेक किलोमीटर ऊस आहे, एवढेच.

आता मावशीची ओळख करून दिली पाहिजे. माझी मावशी इंदूरला असते. वय अठ्ठ्याहत्तर, आईहून सहा वर्षांनी धाकटी. तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानाचे यंत्र आणून दिले आहे, पण ते शीळ घालते म्हणून खणात पडून असते. तिला माणसाचे ओठ मात्र वाचता येतात, आणि त्यातही आईचे सर्वांत चांगले. साध्या टेलिफोनचा या दोघींना काडीचा उपयोग नाही. पूर्वी त्या पोस्टकार्डे लिहीत. मग मोबाईलवर समोरासमोर तोंड दिसायला लागले आणि त्या दोघींचे आयुष्य पुन्हा परकरी वयाला जाऊन भिडले. रोज रात्री नऊ वाजता आई पदराने फोनची काच पुसून बसे.

पण परसाकडच्या खोलीत लहर धडपणे पोहोचत नसे. आईचे चित्र मध्येच गोठे. 'पुरण' म्हणताना 'प'वर ओठ मिटत आणि मिटलेलेच राहत. पलीकडे मावशी त्या मिटलेल्या ओठांकडे बघत बसे आणि ओरडे, "आक्के, पुढं?" ज्याला ऐकू येते तो मोडक्या वाक्याचा अंदाज करतो. ओठांवरून वाचणाऱ्याचे तसे नाही. चित्र थांबले की बोलणेच संपले.

हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. चांगले दोन वर्षे ठाऊक होते. "ओसरीवर येऊन बोलत जा की," हा आमचा ठरलेला तोडगा. आई दोनदा आली. ओसरीवर टीव्ही चालू, धाकटा भाऊ आणि त्याचे दोन मित्र पान खात बसलेले. त्यात मावशीला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे तिची कुजबुजदेखील चावडीवरच्या दवंडीसारखी. तिने आपल्या सुनेविषयी काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि ते थेट समोरच्या दुकानापर्यंत गेले. तिसऱ्या दिवसापासून आई ओसरीवर आली नाही. आम्ही म्हटले, म्हातारीला नव्या गोष्टींचा कंटाळा आला असेल. माणसाच्या मनात सोयीचा अर्थ किती चटकन तयार होतो!

गेल्या आषाढात तुकोबांच्या पालखीचा मुक्काम गावात होता. त्या दिवशी इंदापुरात माणूस मावत नाही. आमच्या ओसरीवर आणि सोप्यात वारकरी झोपले होते. एवढी माणसे जमली की मोबाईलचे मनोरेही दमतात. त्यामुळे आईच्या खोलीत अधूनमधून लागणारी बाहेरची रेंजही त्या रात्री गेली होती. नऊ वाजता ती फोन हातात धरून अंधारातून पुढे निघाली. माजघराच्या उंबरठ्याला पाय अडला. वारकऱ्यांनीच तिला उचलले. मनगट मोडले होते. विचारले तेव्हा म्हणाली, "माळकऱ्यांना पाणी पायजे का बघाया निघाले हुते."

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी इंदूरहून कळली. मावसभावाचा फोन आला. मावशीला त्या रात्री आईचा चेहरा दिसत होता. एकाएकी चित्र गरकन फिरले, आमच्या माजघराच्या तुळया दिसल्या, आणि मग नुसत्या तुळयाच दिसत राहिल्या. माणसे धावली असतील, कुणी काही बोलले असेल. मावशीला ऐकू काय येणार? ती पहाटेपर्यंत त्या फोनसमोर बसून होती.

त्या रविवारी मी इंदापूरला गेलो तो डबीचा काहीतरी निकाल लावायचा असे ठरवूनच.

माझा पुतण्या कॉलेजात शिकतो. त्याने आधीच एक यंत्र मागवून ठेवले होते. भिंतीतल्या प्लगात खोचायचे, की म्हणे ते लहर पकडून पुढे फेकते. त्याला रिपीटर म्हणतात. त्याने ते आईच्या उशालगत खोचले होते. निळा दिवा सुंदर लागला. देवघरातल्या समईला लाजवील असा. पण मावशी पूर्वीइतकीच गोठत होती.

"तात्या, यंत्रच फालतू निघालं," पुतण्या म्हणाला.

मला यंत्राची दया आली. यंत्राचे काय चुकले, ते सांगण्यासाठी मला माझ्या वडिलांकडे जावे लागेल. वडील नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. हा कालवा जुना. १८७६च्या दुष्काळानंतर, १८८५च्या सुमारास त्याला पाणी खेळू लागले. सुमारे दीडशे किलोमीटर वाहत तो बारामतीच्या शेतांना पाणी देतो आणि मग इंदापूरकडे येतो. आम्ही शेवटाकडचे. कालव्याच्या, वितरिकेच्या, अगदी लहानशा चारीच्याही शेवटाला आमच्याकडे 'टेल' म्हणतात, आणि तिथल्या शेतकऱ्याला 'टेलवाला'. उन्हाळ्यात आवर्तन सुटले की हे टेलवाले आमच्या ओसरीवर येऊन बसत. यात कुणाचा दोष असेलच असे नाही. पाण्याचा स्वभावच तो. वाटेत मुरते, उन्हाने उडते, वरच्याचे दार जरा जास्त वेळ उघडे राहते, आणि टेलला पोहोचेपर्यंत चारीत ओल तेवढी उरते. वडील दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन निघत. नुसते 'पाणी कमी आहे' हे त्यांना चालत नसे. कुठे किती होते आणि कुठे किती उरले, हे मोजल्याशिवाय ते कुणाशी भांडत नसत.

मी पुतण्याला म्हटले, "तुझ्या फोनात लहर मोजता येते का?" येत होती. मग आम्ही दोघे ओसरीपासून निघालो. फोनावर आकडा दिसे तो उणे असे. जितके उणे जास्त तितकी लहर क्षीण. ओसरीवर उणे चाळीस. सोप्यात उणे बावन्न. माजघरात उणे त्रेसष्ट. स्वयंपाकघरात बहात्तर. आईच्या खोलीत ऐंशी. ऐकायला हे काही फार वाटत नाही. पण या मापात दर दहा अंकांना शक्ती दहापटीने घटते, असे पुतण्याने सांगितले तेव्हा मी माजघराच्या उंबरठ्यावरच बसलो. म्हणजे एकेका भिंतीतून जेमतेम दहावा हिस्सा पलीकडे जात होता, आणि ओसरीवर दहा हजार रुपये असतील तर आईपर्यंत एक रुपया पोहोचत होता. त्या एका रुपयात ती मावशीशी संसाराच्या गोष्टी करू पाहत होती.

लहान असताना आमच्या ओसरीवर रेडिओ होता. टपाल कचेरीतून परवाना काढून आणलेला. तोही पुरुषांच्या बैठकीतच. पण दुपारी वडील कालव्यावर गेले की आई माजघराच्या दारामागे तांदूळ निवडत बसे आणि तिथून 'वनिता मंडळ' ऐके. रेडिओची लहर शेकडो मीटर लांब; तिला आमची भिंत म्हणजे किस झाडकी पत्ती. या नव्या डबीची एक लहर आहे साडेबारा सेंटिमीटरांची, म्हणजे अर्ध्या वितेची. आणि दुसरी त्याच्याही निम्म्याने, तीन-चार बोटांची. चार बोटांची लहर धावते जोरात, भार वाहते पुष्कळ, पण भिंत दिसली की तिचा धीर सुटतो. अर्ध्या वितेची जरा चिवट. पण ती लहर २००५ साली सरकारने परवान्यातून मोकळी केली आणि आता गल्लीतल्या प्रत्येक घरातली डबी त्याच सुरात ओरडते. आमच्या ओसरीवरून शेजाऱ्यांच्या चौदा डब्या दिसल्या.

पुतण्याला पूर्वपरंपरेचा धडा द्यावा म्हणून मी त्याला जगदीशचंद्र बोसांची हकीकत सांगितली. १८९५च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी अशाच आखूड लहरी भिंतींपलीकडे पाठवल्या, तिकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारूही पेटवली. पुतण्या सगळे शांतपणे ऐकून म्हणाला, "त्यांची भिंत मातीची नसणार, तात्या." हे मात्र मला पटले. आमची पांढरी माती पावसाळ्यात ओल धरते, आणि पाण्याशी या लहरींचे फार वाकडे. शिवाय आईच्या खोलीत, नेमके स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, तिचे लोखंडी कपाट उभे होते, आरशासकट. पत्र्यावरून या लहरी माघारी फिरतात. दहा हजारांतला उरलेला रुपयाही त्या कपाटाने अडवला होता.

कपाट हलवायला आईने दोन दिवस घेतले. "तुझ्या आज्ज्यानं तिथं लावलंय," हे तिचे नातवाला उत्तर. शेवटी मावशीनेच इंदूरहून गोठत गोठत हुकूम सोडला तेव्हा ते हलले. मागे उंदरांनी कुरतडलेली पाच-सहा पोस्टकार्डे निघाली, सगळी मावशीच्या अक्षरातली. आईने ती उचलून कनवटीला लावली. आम्हांला वाचू दिली नाहीत.

मग मी पुतण्याला रिपीटरचा दोष कुठे होता ते सांगितले. ज्या चारीत पाणीच नाही, तिच्यावर मोटर बसवून काय उपसणार? मोटर बसवायची ती पाणी असेल तिथे. ते यंत्र आईच्या खोलीत ऐकत होते क्षीण आणि पुढे फेकत होते तेच क्षीण. ते आम्ही माजघरात, उणे त्रेसष्टच्या जागी आणले. ओसरीवरची डबीही टीव्हीमागून काढून उंच फळीवर मोकळी ठेवली. सोप्याच्या दाराशी समोरासमोर, शिंगे उभी. लगेच फरक पडला. मावशी हलू लागली. पण हे यंत्र ऐकते आणि बोलते एकाच तोंडाने, त्यामुळे वेग निम्मा होतो. आणि त्याच्यापुढे दोन भिंती शिल्लक होत्याच. कोरड्या दिवशी चित्र बरे चाले. श्रावणातली झड लागली की पुन्हा 'प'वर ओठ मिटत.

बारामतीच्या एका दुकानदाराने मला तीन सारख्या डब्यांचा संच दाखवला. त्या आपसात बोलतात आणि सगळ्या घरभर एकच जाळे विणतात, म्हणे. किंमत ऐकून मी विचारले, "पण त्या आपसात बोलणार कशातून? आमच्या भिंतीतूनच ना?" तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मग काका, तार ओढा. बिनतारी लहर चांगली पाहिजे तर तिच्या पायाशी तार लागते." किती साधी गोष्ट! कालव्याचे पाणी टेलला न मुरता पाहिजे तर बंद नळी टाकावी. आमच्याकडे कालव्याला अस्तर करायचे म्हटले की ज्यांच्या विहिरी पाझरावर भरतात ते कुरकुर करतात, आणि त्यांचीही बाजू आहे. पण आमच्या घरात मध्ये मुरलेल्या लहरींवर कुणाचीच विहीर अवलंबून नव्हती.

तार शंभर मीटरपर्यंत न थकता जाते. आमचे अंतर सत्तावीस मीटर निघाले. प्रश्न एकच, ती न्यायची कुठून. भोके पाडायला आईचा विरोध; माजघराच्या भिंतीत देव्हारा. दुकानदाराने पाठवलेला मुलगा ड्रिल घेऊन उभा, आणि आई प्लास्टरातून नुकता सुटलेला हात आडवा धरून उभी. अर्धा तास असा गेल्यावर माझी धाकटी भावजय, जी या सगळ्या प्रकरणात आजवर एक शब्दही बोलली नव्हती, ती म्हणाली, "धुराड्यातनं न्या की."

चूल जाऊन वर्षे झाली, पण स्वयंपाकघराचे धुराडे तसेच होते. माळ्यावरून तुळयांच्या कडेने तार ओढत नेली, धुराड्याच्या भोकातून बाहेर काढली आणि परसाच्या बाजूने आईच्या खिडकीतून आत आणली. एक वीट हलली नाही. मुलाने खोलीत दुसरी डबी बसवली, तिला ओसरीवरच्या डबीचेच नाव आणि तोच परवलीचा शब्द दिला, म्हणजे फोनाला खोली बदलल्याचे कळू नये. त्या दिवशी दुपारी गडबडीत तारेचे एक टोक नीट दाबले गेले नव्हते. ते सापडेपर्यंत आम्ही डबीला, मुलाला आणि दुकानाला मनातल्या मनात बरेच काही बोलून घेतले. टोक पुन्हा बसवले आणि पुतण्याने आकडा वाचला, "उणे अडतीस!" ओसरीपेक्षाही दोन अंकांनी सरस. सगळा खर्च आईच्या हाताच्या औषधपाण्यापेक्षा कमी आला. हा हिशेब मी दोन वर्षांपूर्वी करू शकलो असतो; वडील असते तर त्यांनी तो पहिल्याच रात्री, कंदील घेऊन केला असता.

हे सगळे वसुबारसेच्या आदल्या दिवशी झाले. संध्याकाळी भावजय चकल्या तळत होती. आई परसाकडच्या खोलीत पलंगावर बसली, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि पदराने काच पुसली. नऊ वाजता इंदूर उजाडले. मावशी इतकी स्पष्ट दिसत होती की तिच्या नथीतला खडा निखळलेला आहे हे आईने पहिल्या वाक्यातच सांगितले. मावशी क्षणभर बोललीच नाही. मग म्हणाली, "आक्के, तुझा पुढचा दात कधी पडला ग?"

मी, धाकटा भाऊ आणि पुतण्या दारात उभे राहून कौतुकाने बघत होतो. आईने वळून आमच्याकडे पाहिले. "झालं न्हवं तुमचं? जावा आता."

आम्ही बाहेर आलो. आतून कडी लागल्याचा आवाज आला. माझ्या आठवणीत त्या दाराची कडी आतून कधी लागलेली नाही.

ओसरीवर येऊन आम्ही चकल्या खात बसलो. पाचेक मिनिटांनी, चार उंबरठे आणि चार भिंती ओलांडून, कसल्याही डबीच्या मदतीशिवाय मावशीचा आवाज ओसरीवर येऊन पोहोचला. तिला स्वतःच्या सुनेविषयी सांगायचे होते ते सांगून झाले असावे, कारण आता ती विचारत होती, "आन् तुझी गं? तुझी कशी हाय?"

धाकटा भाऊ ताटलीकडे बघू लागला. पुतण्याची चकली हातातच राहिली. भावजय झारा घेऊन स्वयंपाकघरातून आली, तशीच टीव्हीपाशी गेली आणि तिने त्याचा आवाज मोठा केला. मग आणखी थोडा मोठा केला, आणि घाणा करपेल म्हणून लगबगीने आत गेली.